परदेशात कामाला पाठवणाऱ्या बेळगावच्या एजन्सीचा रिव्ह्यू: कागद चोख, पण एक प्रश्न तुम्हीच विचारा

पाचपैकी साडेतीन स्टार. कागदपत्रांचं काम पाच स्टारचं, पैशाचा व्यवहार चारचा, आणि तिकडं गेल्यावर माणसाच्या हातात काय राहतं हे सांगण्यात मात्र दोनच्या वर जात नाही, म्हणून सगळं धरून साडेतीन. एजन्सीचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण मला जे सांगायचंय ते त्या एका ऑफिसपुरतं नाही, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही ज्यांच्या घरातला पोरगा दुबई-कतारला जायचं म्हणतोय त्या सगळ्यांनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतनं आलेलं कास्टिंग (धातू ओतून केलेले भाग) आम्ही मशिनिंग करून देतो, पंपाचे नि व्हॉल्व्हचे पार्ट. मशीनकडं आमचे मिस्टर बघतात, हजेरी-पगार-पीएफ-ईएसआय सगळं माझ्याकडं. आमच्याकडचा सीएनसी सेटर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन कामाला लावून देणारा), खानापूर तालुक्यातला पोरगा, आयटीआय केलेला, शारजाला जायचं ठरवलं त्यानं, आणि त्याचा चुलतभाऊ शेजारच्या फाउंड्रीत फेटलिंगला (कास्टिंगचा जादा भाग काढून साफ करायला) आहे, तो कतारला. दोघांचंही म्हणणं एकच, वहिनी तुम्ही संगट चला की, इंग्लिशमधलं वाचून सांगायला आमच्यात कोण हाय. आता मालकाच्याच बायकोला बोलावतायत एजन्सीत, आणि जाणारा माणूस आमचाच, जो गेला की व्हीएमसी नि टर्निंग दोन्ही मशीनकडं आमची पंचाईत. पण गेले मी. सहा-सात वर्षं ज्यानं आपल्याकडं काम केलं त्याला न वाचलेल्या कागदावर सही करायला एकटं कसं पाठवायचं.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बसायला खुर्च्या बऱ्या आहेत, पंखा आहे. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलणारी माणसं काउंटरवर आहेत नि तुम्ही ज्या भाषेत विचाराल त्याच भाषेत उत्तर येतं, त्यामुळं गावाकडनं आलेले वडीलधारे पण मोकळेपणानं बोलत होते. लायसन्स भिंतीवर लावलंय. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परदेशात कामगार पाठवणाऱ्या एजंटाकडं सरकारचं रजिस्ट्रेशन असावंच लागतं, ते नसेल तर तो कितीही ओळखीचा असू दे, पाहुण्यातला असू दे, तिथनं उठायचं. मी तिथंच बसून मोबाईलवर सरकारचं ई-मायग्रेट पोर्टल उघडून नंबर टाकून बघितला, तर काउंटरवरच्या ताईंनी वाईट वाटून घेतलं नाही, "बघा मॅडम, बघितलंच पाहिजे" म्हणाल्या. तिथंच मला बरं वाटलं.

पैसे. नियमाप्रमाणे एजंट कामगाराकडनं सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेऊ शकतो, वर काही नाही, आणि पावती द्यावीच लागते. इथं तेवढेच घेतले, बँकेतनं घेतले, पावती दिली. एक स्टार कापला तो एवढ्यासाठी की युएईचा (शारजा ह्याच देशात) जो नवा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे त्यात भरतीचा खर्च मालकानं करायचा, कामगाराकडनं सरळ किंवा आडून वसूल करायचा नाही असं स्पष्ट आहे, मग हे ३५,४०० पोरानं का भरायचे असं मी विचारलं. उत्तर आलं की व्हिसा नि तिकीट कंपनीच देतेय, हा आमचा इथल्या नियमातला चार्ज आहे. नियमात बसतं, मान्य. पण ज्याला महिन्याच्या शेवटी हात आखडायला लागतो त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे सोसायटीचं कर्ज नाहीतर बायकोचं डोरलं गहाण, आणि कर्ज डोक्यावर घेऊन गेलेला माणूस तिकडं काही चुकीचं दिसलं तरी तोंड उघडत नाही. एजन्सीनं हे पैसे कंपनीकडनं घ्यायला पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदांचं काम मात्र मनापासून सांगते, फार चांगलं. सेटर दहावीच्या पुढं शिकलेला म्हणून त्याच्या पासपोर्टला क्लिअरन्सची, म्हणजे जायच्या सरकारी परवानगीची, भानगड नाही. चुलतभाऊ दहावी नापास, त्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे क्लिअरन्स लागणारा, आणि आखाती देश धरून एकूण १८ देशांत जायचं असेल तर अशा माणसाला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स ह्या सरकारी अधिकाऱ्याचा क्लिअरन्स लागतो. बरेच लोक हा टाळायला बघतात, टुरिस्ट व्हिसावर जा नि तिकडं कन्व्हर्ट करून घे असं सांगणारे एजंट बेळगावात पण आहेत. ह्यांनी तसलं काही सुचवलं नाही. क्लिअरन्ससोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा होतो, दोन वर्षांना २७५ रुपये नि तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. दहावी पास झालेल्याला हा विमा सक्तीचा नाही, म्हणून सेटरच्या आईनं काउंटरवर "माझ्या ल्योकाचं मग काय?" असं विचारलं, नि माझ्याकडं बघितलं. त्याच्यासाठी वेगळी पॉलिसी काढायला लावली आम्ही.

करार. शारजाच्या कंपनीचं ऑफर लेटर, बेसिक १,८०० दिरहम, राहायला कंपनीची खोली, आठ तासांच्या वर ओव्हरटाइम, दोन वर्षं. २०१६ पासून तिकडं नियम आहे की ऑफर लेटर कामगाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं आणि नंतरचा करार त्या ऑफरपेक्षा कामगाराच्या तोट्याचा करायचा नाही. आम्ही हिंदी कॉपी मागितली, लगेच नाही पण मिळाली. पूर्वी काय व्हायचं, इथं एक पगार सांगायचे नि तिकडं उतरल्यावर दुसराच कागद पुढं यायचा, हे ज्यांच्या घरात घडलंय ती माणसं अजून त्याचं नाव काढलं की गप्प होतात. म्हणून ती हिंदी कॉपी घरी एक, पोराच्या मोबाईलमध्ये एक, अशी ठेवाच.

आता जिथं दोनच स्टार दिले ते. मी विचारलं, समजा तिकडं पगार वेळेवर मिळाला नाही किंवा शेजारच्या कंपनीनं जास्त देऊ केला, तर आमच्या पोराला नोकरी बदलता येते काय, कधी येते, काय करावं लागतं? तर जे साहेब करार समजावत होते ते म्हणाले, "मॅडम, दोन वर्षं गप काम करायचं, असले विचार डोक्यात घालून पाठवू नका." आणि विषय बदलला. कतारबद्दल विचारलं तरी तेच. म्हणजे विमा सांगतात, मेडिकल सांगतात, बॅगेत किती किलो ते सांगतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच सांगत नाहीत.

हे महत्त्वाचं का, ते जरा सविस्तर लिहिते कारण ह्याच्यावर कोण बोलत नाही. परदेशातल्या तात्पुरत्या कामगारांच्या योजना देशादेशांत वेगळ्या, पण मुळात एकच सांगाडा असतो, की माणसाला देशात यायची परवानगी एका मालकाच्या नावावर मिळते, नोकरी गेली की राहायची परवानगी पण धोक्यात. आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळीला मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती फिटेपर्यंत टोळी दुसऱ्या कारखान्याकडं वळू शकत नाही, मग दर कसा का असेना नि पुढाऱ्यानं कितीही भाषण करू दे, तसंच आहे ते, फक्त उचलीच्या जागी व्हिसा. माणूस जाऊ शकत नाही हे मालकाला माहीत असलं की पगार वाढवायचं कारणच उरत नाही. मी स्वतः पगार काढते म्हणून सांगते, आम्ही पगार वाढवतो ते मन मोठं आहे म्हणून कमी नि चांगला माणूस शेजारी जाईल ह्या भीतीनं जास्त, उद्यमबागेत प्रत्येक शॉपमध्ये हेच आहे.

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. युएईनं जानेवारी २०११ पासून करार संपलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या एनओसीशिवाय दुसरीकडं जायची मोकळीक दिली. अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या पगाराच्या नोंदी तपासल्या तर करार संपलेल्यांची कमाई साधारण १० टक्क्यांनी वाढली, आणि कंपन्या ओस पडतील म्हणत होते तसं झालंच नाही, उलट देश सोडून परत जाणारे कमी झाले नि जुन्याच कंपनीत टिकणारे वाढले. तोटा झाला तो नव्यानं भरती होणाऱ्यांना, त्यांची मागणी नि पगार थोडे उतरले. हे पण सांगितलं पाहिजे, कारण आमचा सेटर नवीनच जाणार आहे. कतारनं २०२० मध्ये एनओसीची अट काढली आणि मार्च २०२१ पासून सगळ्या देशांच्या कामगारांना किमान १,००० रियाल बेसिक केलं, जेवण-राहणं कंपनीनं दिलं नाही तर त्याचे ३०० नि ५०० रियाल वेगळे. हे सगळं कायद्यात आहे, फेटलिंगवाल्या पोराच्या हक्काचं आहे, आणि एजन्सीनं त्याला ह्यातलं एक वाक्य सांगितलं नाही, मी सांगितलं.

जपानचं तर शिकण्यासारखं. १९९३ पासून तिकडं ट्रेनी म्हणून माणसं आणायची योजना, ज्यात मालक बदलता येत नव्हता, मग लोक पळून जायचे, छळाच्या तक्रारी यायच्या, शेवटी २०२४ मध्ये ती मोडून नवी योजना आणायचा कायदा केला, ज्यात ठरावीक काळानं त्याच कामात मालक बदलता येईल, ती २०२७ पर्यंत सुरू व्हायची आहे. दरम्यान २०१९ मध्ये कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा काढला, त्यात आपल्या क्षेत्रातल्या क्षेत्रात नोकरी बदलता येते, भारताशी २०२१ मध्ये त्याचा करार झालाय. आयटीआयच्या पोरांनी जपानी शिकायची तयारी असेल तर ह्याची चौकशी करावी, आखातापेक्षा मला हे जास्त पटतं.

ह्याच कामासाठी आधी आम्ही दुसऱ्या एकाकडं चौकशी केली होती, तो कॅनडाचं सांगत होता. एलएमआयए मिळवून देतो, काही लाख द्या, कायमचं सेटल व्हा. एलएमआयए म्हणजे कॅनडातल्या मालकानं तिथल्या सरकारला दाखवून द्यायचं की ह्या जागेला स्थानिक माणूस मिळत नाही आणि बाहेरचा आणला तर इथल्या लोकांचं नुकसान नाही. त्याची फी १,००० डॉलर एका जागेला, ती मालकानंच भरायची असते, कामगाराकडनं घ्यायला कायद्यानं बंदी आहे. म्हणजे जो तुमच्याकडं एलएमआयएचे पैसे मागतो तो तुम्हाला बेकायदा वस्तू विकतोय, एवढं समजून घ्या. त्या एजंटानं आम्हाला नंतर खूप फोन केले, उचलले नाहीत.

कॅनडाची बाहेरचे तात्पुरते कामगार आणायची ती योजना १९७३ पासूनची आहे, आणि तिच्यावर तिकडं केवढं रामायण झालंय ते वाचलं की आपल्याला आपल्याच उद्यमबागेचं समजतं. मालक म्हणतात माणूस मिळत नाही, कामगार म्हणतात त्या पगारात मिळत नाही. एप्रिल २०१४ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांना ह्या योजनेतनं माणसं आणायला थोडे दिवस बंदीच घातली होती, कारण स्थानिकांना डावलून बाहेरचे घेतले अशा तक्रारी आल्या. त्याच वर्षी सी. डी. हाउ इन्स्टिट्यूट ह्या तिकडच्या अभ्यास-संस्थेच्या एका अभ्यासात आलं की अल्बर्टा नि ब्रिटिश कोलंबियात नियम सैल केले तेव्हा तिथली बेरोजगारी वाढायला त्याचा हातभार लागला. मग कोविडनंतर २०२२ मध्ये मालकांच्या मागणीवरनं पुन्हा सैल केले, आणि २६ सप्टेंबर २०२४ पासून पुन्हा आवळले, मोठ्या शहरांत बेरोजगारी ६ टक्के किंवा जास्त असेल तर कमी पगाराच्या जागांचे अर्जच घेत नाहीत, शेती, अन्नप्रक्रिया, दवाखाने असले काही अपवाद सोडून, आणि कमी पगारवाल्यांचं परमिट एका वर्षावर आणलं. तात्पुरता कामगार तिकडं असा दोरीवर असतो, सरकारनं दोरी हलवली की तो पडतो. २०१९ मध्ये त्यांनी छळ होत असलेल्या कामगाराला खुलं परमिट मिळायची सोय केली, पण छळाचे पुरावे द्यायला लागतात, नि हे कर्ज काढून गेलेल्या माणसाला किती जमणार.

बाहेरचे कामगार बंद केले की स्थानिकांचे पगार आपोआप वाढतात असंही नाही बरं का, आमच्या इंडस्ट्रीतल्या बऱ्याच जणांना नि युनियनवाल्यांनाही तसं वाटतं म्हणून लिहिते. अमेरिकेत १९४२ पासून मेक्सिकोचे शेतमजूर हंगामी करारावर आणायचे, १९६४ च्या शेवटी ती योजना बंद केली, जवळपास पाच लाख माणसं थांबली. नंतर आकडे तपासले तर अमेरिकन शेतमजुरांचे पगार त्यामुळं वाढलेले दिसले नाहीत, शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडायची मशीन आणली, जिथं मशीन जमत नव्हतं तिथं पीक बदललं. सिंगापूरनं तिसरा रस्ता धरला, बाहेरचा कामगार ठेवला की मालकानं दरमहा सरकारला लेव्ही (एक प्रकारचा कर) भरायची आणि सेक्टरप्रमाणे किती ठेवायचे त्याला मर्यादा, म्हणजे बाहेरचा माणूस मालकाला फुकटात स्वस्त पडत नाही.

आमच्या इकडं काय चाललंय ते पण बोलते. उद्यमबाग, मच्छे, होनगा, फाउंड्रीत मोल्डिंगला नि फेटलिंगला बिहार, झारखंड, ओडिशाची पोरं आहेत, कॉन्ट्रॅक्टर आणतो, खोली कॉन्ट्रॅक्टरची, पगार कॉन्ट्रॅक्टरच्या हातनं. इकडची पोरं गोव्याला नाहीतर पुण्याला नाहीतर आखातात. म्हणजे बेळगावचा माणूस शारजाला जे भोगायची भीती बाळगतो तेच आपण गया जिल्ह्यातनं आलेल्या पोराला इथं देतोय, फरक एवढाच की त्याला इथं व्हिसा लागत नाही, तो उद्या उठून दुसऱ्या फाउंड्रीत जाऊ शकतो, आणि त्यानं जावं, असं मी मालकाच्या घरातली असून म्हणते. कॉन्ट्रॅक्टर त्याचे आधारकार्ड नि पगार अडकवून ठेवत असेल तर ती उचलीचीच तऱ्हा झाली.

सेटर जाणार म्हटल्यावर आमच्या ह्यांचं पहिलं म्हणणं होतं की कॉन्ट्रॅक्टरकडनं एक घेऊ. मी पगाराची वही काढून दाखवली, कॉन्ट्रॅक्टरचं कमिशन धरून जे जातं त्यात आपल्याच दोन ऑपरेटरना वाढ देऊन त्यातल्या एकाला सेटिंग शिकवता येतं. तसं केलं. स्क्रॅप वाढलं सुरुवातीला, एक ऑर्डर उशिरा गेली नि त्या पार्टीनं बरंच ऐकवलं, सेटर तयार व्हायला वेळ लागतो ते मशीनवाल्या सगळ्यांना माहीत आहे. पण जो शिकतोय तो यळ्ळूरचा, घर इथं, आई-वडील इथं. वाढ दिल्यावर शेजारच्या शॉपच्या मालकांनी फोन करून सांगितलं की वहिनी तुम्ही रेट बिघडवायलाय. मला वाटतं रेट कित्येक वर्षं बिघडलेलाच होता, पोरं शारजाला जायला लागली म्हणून आता तो कळला. बाहेर जाण्याचा एक फायदा हा पण आहे की मागं राहिलेल्यांना विचारलं जातं, हे मी आमच्याच पगाराच्या वहीत बघतेय.

म्हणून ह्या एजन्सीकडं जायचं असेल तर जा, फसवणारी माणसं नाहीत. फक्त करार वाचून दाखवतील तेव्हा थांबवून विचारा: नोटीस किती दिवसांची, प्रोबेशन किती, मालक बदलायला काय लागतं, पगार दोन महिने अडकला तर तक्रार कुठं करायची, पासपोर्ट कुणाकडं राहणार. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घ्यायचा नाही हे युएईच्या कायद्यात आहे. उत्तर टाळलं तर लेखी मागा. "असले विचार डोक्यात घालू नका" म्हणाले तर पुन्हा विचारा. पोराची आई सोबत असेल तर तिला पण विचारू द्या, आमच्याकडं सगळ्यात चांगला प्रश्न तिनंच विचारला होता.

शनिवारी तालुक्यातनं माणसं येतात म्हणून गर्दी होते, मधल्या वारी सकाळी जा. मूळ पासपोर्ट दाखवायला न्या पण झेरॉक्सच द्या, मूळ लागलाच तर तो घेतल्याची पोच मागा, ते देतात. मेडिकल मुंबईला करायला लागलं, त्याचा नि येण्याजाण्याचा खर्च आधी धरा. सेटर गेलाय, पहिला पगार वेळेवर आला, खोलीत सहा जण आहेत म्हणतो. कतारवाल्याचा व्हिसा अजून यायचाय, आला की आणि तिकडं उतरल्यावर करार तोच निघाला की नाही ते कळलं की इथंच अपडेट टाकते, स्टार त्याप्रमाणे वर-खाली करेन.